सरदाराची रसीद अन् यमुनेचं सर्टिफिकेट

रामाकोना, माघ संपत आला, सन १९८७
(इंग्रजी तारीख यमुनेला विचारून घातली असती, पण ती फोटो काढायला सौंसरला गेली आहे. कसला फोटो, ते पुढे येईल.)

चिरंजीव यशवंतराव यास मोठी बहीण केसरबाईकडून पोटभर आशीर्वाद. तू रिटायर झाल्यापासून तुला ‘राव’ लावायचं मी ठरवलं आहे, कारण हपिसात लावणारे आता उरले नसतील. इकडे आम्ही सगळे ठीक. माझा गुडघा पायरी चढताना बोलतो, पण या घरात कोणी कोणाचं ऐकत नाही, तर गुडघ्याचं कोण ऐकणार. मृगाचा बहार यंदा बरा आला, संत्र्याला रंगही चांगला आहे. शांताला सांग, दम्याला अडुळसा घे अन् रात्री दही खाऊ नको. तुझी प्रकृती कशी आहे ते कळव, पण मुळव्याधीचं सविस्तर लिहू नको. माझा पोरगा शालिकराम तुझी पत्रं ओट्यावर बसून मोठ्याने वाचतो, अन् मागच्या वेळेस तुझ्या बसण्या-उठण्याच्या तकलीफा अर्ध्या रामाकोन्याला कळल्या. शेजारची देवकाबाई मला अजून विचारते, “भाऊ आता बसते का वो नीट?”

तर तुझं मागचं पत्रही त्याने असंच वाचलं. एकदा ओट्यावर, एकदा विहिरीवर, अन् एकदा जेवताना, मला पाणीही मागू न देता. त्या पत्राने आमच्या घरात काय काय झालं ते तुला कळलंच पाहिजे, म्हणून आज वहीची मधली पानं फाडून लिहायला बसली. अंतर्देशीय पुरलं नसतं. अंतर्देशीयात फक्त लग्न अन् मरण मावते.

मूळ गोष्ट तुला थोडी माहीत आहे, पण शालिकरामने तुला त्याच्या बाजूने कळवली असेल, म्हणून पुन्हा सांगते. दिवाळीपासून शालिकरामच्या यमुनेच्या नावाने दिल्लीकडच्या एका विद्यापीठातून जाड जाड पाकिटं येऊन राहिली. डाकेने कंप्युटर शिकवतात. पाठ फुकट. सरकारची काही योजना आहे म्हणे. पाठ वाचायचा, प्रश्न सोडवून धाडायचे, तिकडचा मास्तर लाल शाईने बरोबर-चूक करून परत धाडतो. इथपर्यंत खर्च फक्त तिकिटाचा. पण शेवटी परीक्षा देऊन शिक्क्याचं सर्टिफिकेट पाहिजे असेल तर फी, अन् फी अशी की शालिकरामने आकडा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला अन् चष्म्याला शिव्या दिल्या. त्याचं म्हणणं, शिकणं फुकट मिळून राहिलं तर कागदाले पैसे कायले देऊ? होळीच्या आत फी गेली नाही तर यमुनेचं नाव कटते, अन् नाव कटलं की तेवढ्याच पैशात उन्हाळ्यात तिच्या लग्नाचा मांडव उभा राहते, हा त्याचा हिशेब. मोहगावचं एक स्थळ त्याने हेरूनही ठेवलं आहे. (पोट्टा गोरा आहे. बस, एवढंच आहे.)

आता कंप्युटर म्हणजे काय ते आमच्या तहसिलीत कोणी पाहिलं नाही. पुंडलिकराव (आमचे शेजारी, ज्यांना न पाहिलेल्या गोष्टींची जास्त माहिती असते) सांगतात की तो टीव्हीच असतो, फक्त बातम्यांऐवजी हिशेब सांगतो. यमुनेनेही पाहिला नाही. तिने काय केलं, संत्र्याच्या पेटीची एक फळी घेतली, तिच्यावर खडूने चौकोन आखले, चौकोनात इंग्रजी अक्षरं लिहिली, अन् रोज दुपारी ती फळी मांडीवर घेऊन बोटं मारत बसते. पहिल्या दिवशी माझ्या सुनेला, वत्सलेला, वाटलं पोरीला बाहेरचं काही लागलं. ती मिरच्या-मीठ घेऊन ओवाळायलाच निघाली होती. मी म्हटलं, “राहू दे, हे त्याने उतरत नाही.”

अन् पोरगी हे उगाच करून राहिली नाही. बोरगावला कारखाना उभा होऊन राहिला, तिथे हिशेबाला कंप्युटर बसवणार आहेत. यमुना स्वतः जाऊन विचारून आली. तिथल्या साहेबाने तिचं सगळं ऐकून घेतलं अन् म्हणाला, “बेटी, सर्टिफिकेट है?” नाही म्हटल्यावर त्याने तिच्या मागच्या माणसाकडे पाहिलं. पोरगी घरी आली, फळी घेतली अन् इतक्या जोराने बोटं मारली की फळीचा एक खिळा वर आला.

अशा वेळेस तुझं पत्र आलं. “ज्ञान महत्त्वाचे, कागद नव्हे. पाठ विनामूल्य मिळत असता कागदासाठी पैसे मोजणे हा शुद्ध मूर्खपणा.” वा रे वा, यशवंतराव. तुझ्या बैठकीत दाराच्या वर कोण लटकते? आपला बाप नाही. बाप आत, पिठाच्या डब्याजवळ. दारावर तुझं मॅट्रिकचं सर्टिफिकेट, काचेत, अन् दसऱ्याला त्याला झेंडूचा हार. मॅट्रिकात शिकलेलं तुला आज काय येते सांग बरं? मागच्या दिवाळीला दूधवाल्याचा हिशेब शांताने बोटांवर केला, अन् तू कॅलेंडरकडे पाहत होता. त्या कागदावर तुला खुर्ची मिळाली, खुर्चीवर पेन्शन मिळाली, पेन्शनीवर बसून तू आम्हाला लिहितो की कागदाची गरज नाही. पोट भरलेल्या माणसाने जेवणावर बोलू नये, हवेवर बोलावं.

तरी मी तुझा शब्द टाकला नाही. चौकशी करायची ठरवली. स्थळ पाहताना आपण पोऱ्याला विचारत नाही, त्याच्या गावच्या न्हाव्याला विचारतो, तसं सर्टिफिकेटाच्या गावात जाऊन विचारावं म्हणून यमुनेला घेऊन बसने पांढुर्ण्याला गेली. तिथे बाजाराजवळ एक टायपिंगचा मास्तर आहे. त्याच्या खोलीत चारी भिंतीवर सर्टिफिकेटंच. इंग्रजीचं, हिंदीचं, वेगाचं, त्याच्याहून वेगाचं. मी विचारलं, “मास्तर, हा कंप्युटरचा कागद पैसे देऊन घेण्यासारखा आहे का?” तो म्हणाला, “मावशी, कंप्युटर हा चार दिवसांचा खेळ आहे, पोरीला पहिले टायपिंगला बसवा.” मी विचारलं, “अन् तुमच्या कागदाले काय पडते?” तर त्याने जो आकडा सांगितला तो दिल्लीवाल्यांच्या मावसभावाचा होता. यमुना हसू दाबायला भिंतीकडे वळली अन् तिचा धक्का लागून एक चौकट हलली. चौकटीमागे भिंतीला ही एवढी ओल. मग मी दुसरीही उचलून पाहिली, तिच्याही मागे ओल. मास्तर म्हणाला, “मावशी, हात लावू नका.” मी म्हटलं, “नाही लावत बाप्पा, भिंत पडली तर माझ्यावर येईल.” तर कागद ओल झाकायला कामाला येतो, एवढं पांढुर्ण्यात कळलं. परतीच्या बसमध्ये यमुना खिडकीच्या गजावर बोटं मारत बसली. मला शालिकरामचं म्हणणं थोडं पटायला लागलं होतं, अन् ते मला आवडून नाही राहिलं.

पण मग बैल आला.

आमच्या जोडीतला एक बैल म्हातारा झाला म्हणून शालिकराम सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या बैलबाजारात गेला. तुझं पत्र खिशात होतं. (ते पत्र तो तंबाखूच्या डबीसोबत ठेवतो. आता त्याला वासही तसाच येते.) बैल घेतला. धोतरासारखा पांढरा, शिंगं कमानदार, नाव म्हणे सरदार. विकणाऱ्याने सांगितलं चारदाती आहे, म्हणजे जवान. शालिकरामने तोंड उघडून दात मोजले नाही, कारण विकणाऱ्याने त्याला ‘पाटील’ म्हटलं होतं. पैसे दिले, बैलाची दोरी हातात आली. आता बाजारात रिवाज असा की विक्री झाली की मुन्शीच्या टेबलावर जायचं, थोडी फी द्यायची, अन् तो बैलाचा रंग, शिंगं, दात लिहून शिक्क्याची रसीद देतो. आपल्या बापापासून सगळे घेत आले. शालिकराम तिथे म्हणाला, “बैल माह्या हातात हाय, पैसे म्या मोजले, मंग कागदाले पैसे कायले देऊ?” हे कोणाचं शिकवणं ते तुला सांगायला नको.

अन् निघाला पायी. सीमेवरच्या नाक्यावर आडवा बांबू टाकून मुन्शी बसला होता. “रसीद?” नाही. “बैल तुमचा कशावरून?” तर यशवंता, तुझ्या भाच्याने खिशातून तुझं पत्र काढलं अन् वाचून दाखवलं. ज्ञान महत्त्वाचे, कागद नव्हे. सगळं वाचलं, शांताच्या दम्यासकट. मुन्शीने शांतपणे ऐकलं अन् शिपायाला हाक मारली.

सरदार कांजीहाउसात गेला, चोरीच्या संशयाचं जनावर म्हणून. दुसऱ्या दिवशी मी अन् पुंडलिकराव गेलो. कोंडवाड्याचा शिपाई म्हणाला, “तुमचाच आहे तर नावाने बोलवा, येते का पाहू.” शालिकराम कठड्याशी उभा राहून ओरडला, “सरदाऽऽर!” बैलाने कान पण हलवला नाही. त्याला आपलं नाव सरदार आहे हे माहीत नसावं, किंवा असेल अन् शालिकराम माहीत नसेल. पण कोपऱ्यातून एक बकरा धावत आला अन् शालिकरामचा सदरा चाटायला लागला. शिपाई म्हणाला, “हा तुमचा दिसतो.” मी शपथेवर सांगते, त्या क्षणी मला बैलापेक्षा तो बकरा समजदार वाटला.

शेवटी पुढच्या बाजारापर्यंत थांबावं लागलं, कारण रसीद बाजाराच्या दिवशीच निघते. तोवर सरदार सरकारी चारा खाऊन राहिला, अन् त्या चाऱ्याचं बिल रसीदीच्या फीपेक्षा किती पट आलं ते शालिकरामला विचार. मला सांगताना तो तोंडात पाणी धरल्यासारखा बसतो. बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं गेलो, त्याने विकणाऱ्याला शोधून साक्षीला उभं केलं. बाजारमुन्शीने न पाहिलेल्या बैलाची रसीद लिहायला घेतली. रंग? पांढरा. शिंगं? कमानदार. दात? आता एव्हाना मी कांजीहाउसात सरदाराचं तोंड उघडून पाहिलं होतं. जवान कुठला, सगळे दात जुळून झिजायला लागलेले. पण विकणारा समोर उभा, चार माणसं भोवती, अन् आपण फसलो हे कबूल कोण करणार? शालिकराम म्हणाला, “चारदाती.” मुन्शीने लिहिलं चारदाती, ठक्क करून शिक्का. त्या कागदावर नाक्याच्या मुन्शीने बैल सोडला. बैलाकडे मान वर करून पाहिलं नाही. कागद उन्हात धरला, शिक्का पाहिला, “जाओ.” मी त्या रसीदीवर बकरा घेऊन गेली असती तरी सुटली असती.

घरी येताना मी शालिकरामला म्हटलं, “आता तरी पटलं? बैल तोच, तू तोच, फक्त कागद नव्हता तर चोर झाला. कारखान्याच्या नाक्यावर यमुना पण तशीच उभी आहे.” तो बैलाची दोरी ओढत पुढे निघाला. मी समजली, जिंकली.

पण पुढच्या आठवड्यात सरदाराला नांगराला जुंपलं. शेताच्या मध्यापर्यंत सरळ गेला अन् बसला. शेपटी पिरगाळली, बसलेला. भाकर दाखवली, बसून खाल्ली. अन् नवा बैल बसका निघाल्यावर इतका खूश झालेला शेतकरी मी जन्मात पाहिला नाही. शालिकराम धुऱ्यावरून नाचत ओरडत आला, “पाह्य माय, पाह्य! रसीद हाय! शिक्का हाय! तरी बसला!” इथे मला गप्प बसावं लागलं. (तारीख लिहून ठेव, पुन्हा होणार नाही.) कारण बोलणं खरं होतं. नाका पार करायला कागद लागतो, पण नांगर कागद ओढत नाही. आपण पैसे भरून पोरीला कागद घेऊन द्यायचा, अन् ती बोरगावच्या खुर्चीवर जाऊन सरदारासारखी बसली तर?

म्हणून मी पोरगी जुंपून पाहायची ठरवली. तिला म्हटलं, “तुझा कंप्युटर काय करते, मला दाखव.” ती म्हणाली, “आजी, थो काहीच करत नाही. त्याले अक्कल नसते. आपण लिहून देऊ तेवढंच करते, ना कमी ना जास्त.” मी म्हटलं, “अस्सा तर माझ्या पोटी एक झाला आहे. बरं, मी कंप्युटर. तू लिही.” अंगणात संत्र्याचा ढीग पडला होता, लहान-मोठा निवडायचा. तिने चिठ्ठी लिहून दिली: ढिगातून दोन संत्री उचल, मोठं उजव्या टोपलीत टाक, लहान डाव्या टोपलीत टाक, ढीग संपेपर्यंत हेच कर. अन् ती विहिरीवर गेली. मी सुरू केलं. माझ्या पद्धतीने मी तो ढीग बोलता बोलता निवडला असता, पण मी कंप्युटर होती, अक्कल घरात ठेवली होती. थोड्या वेळाने दोन संत्री हातात आली, दोन्ही सारखी. अगदी जुळी. चिठ्ठी पाहिली. सारखी निघाली तर काय, लिहिलंच नव्हतं. मग मी बसून राहिली. एका हातात एक संत्रं, दुसऱ्या हातात दुसरं. माशी नाकावर बसली, उडवली नाही, कारण चिठ्ठीत नव्हतं. वत्सला चुलीवरून उठून आली, “आई, का झालं?” म्हणाली. मी उत्तर दिलं नाही, ते पण चिठ्ठीत नव्हतं. तिला वाटलं लकवा मारला. ती बोंबलत बाहेर धावली, पुंडलिकराव कांदा घेऊन आले, देवकाबाईने माझी चप्पल शोधून नाकाला लावली (माझीच लावली, तेवढं बरं). मी हलली नाही.

यमुना आली, माझ्या हातात पाहिलं, अन् काय म्हणाली सांगू? “बाप रे, सारखी निघाली!” बस. ना हसली, ना चिडली, ना म्हणाली की आजी तुला एवढं समजत नाही का. मला लकवा झाला का, ते पण विचारलं नाही. तिथेच मांडी घालून चिठ्ठीत एक ओळ वाढवली. मी पुन्हा सुरू झाली. मग एक सडकं निघालं, त्याचं लिहिलं नव्हतं, पुन्हा बसली. तिने पुन्हा वाढवली. मग शेवटी एकच संत्रं उरलं, दुसरं उचलायला नव्हतं, पुन्हा बसली. पुंडलिकराव म्हणाले, “एवढ्या वेळात आमची म्हैस निवडून टाकते.” यमुनेने त्यांच्याकडे पाहिलं नाही. दिवस मावळेपर्यंत आपली चूक शोधून आपणच दुरुस्त करत होती, अन् प्रत्येक वेळेस जास्तच खूश. यशवंता, या घराण्यात आपली चूक सापडल्यावर खूश झालेलं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. तुझ्यात नाही, माझ्यात नाही, शालिकराममध्ये तर देवाने ती जागाच ठेवली नाही. ही पोरगी बसणारी नाही. मधात बसली ती मी.

तर असं आहे सगळं. दोन्ही बाजू तुझ्यासमोर ठेवल्या. कागदाने ओल झाकते, कागदाने नाका सुटते, अन् कागदाने नांगर ओढल्या जात नाही. पैसे भरावे की भरू नये, हा निर्णय मी तुझ्यावर सोडते. तू मॅट्रिक आहेस, मी चौथीतून गोवऱ्या थापायला उठवलेली बाई. तू म्हणशील ती पूर्वदिशा. सावकाश विचार कर, शांतालाही विचार, तिला हिशेब येतो. लहानांना पाप्या, मोठ्यांना जसं ज्याचं वागणं असेल तसं.

तुझी बहीण,
केसर

ता. क. सावकाश विचार कर म्हटलं ते यासाठी की फी मंगळवारीच मनीऑर्डरने गेली.

ता. क. दुसरा. परीक्षा तुमच्या नागपूरला एका कॉलेजात खऱ्या मशीनवर आहे, अन् त्याआधी थोडे आठवडे तिथेच सराव. फोटो त्याच्या अर्जाचा. (शालिकरामला वाटून राहिलं मोहगावच्या स्थळासाठी. फोटोचे पैसे त्याने आनंदाने दिले.) हे पत्र तुला पोस्टमन देणार नाही, यमुना देईल. छोट्या लाइनच्या रेल्वेने येईल. म्हणजे तू हे वाचून राहिला तेव्हा ती तुझ्या दारात उभी असेल, आपली फळी काखेत घेऊन. वाचणं थांबव अन् तिला आत घे. तिला भाकरी थापायला लावू नका, तिला येतही नाहीत चांगल्या. सोबत पुंडलिकराव आहेत, त्यांना चहा देऊन लगेच वाटेला लाव. बसू दिलं तर कंप्युटर समजावून सांगतील. अन् बैठकीत तुझ्या चौकटीच्या बाजूला एक खिळा आत्ताच ठोकून ठेव.

ता. क. तिसरा, अन् खरं काम हेच. शालिकराम संत्र्याचा ट्रक घेऊन जबलपूरला गेला आहे, शनिवारी परत येते. त्याच्याआधी तुझं पत्र इथे पोचलं पाहिजे, की सर्टिफिकेट घेणं अत्यंत आवश्यक आहे, मागचं पत्र मी तापात लिहिलं होतं. ठळक अक्षरात लिही, खाली सही कर, रबरी शिक्का उरला असेल तर तोही मार. मी तोंडाने सांगून थकली. त्याला कागदावर लिहिलेलंच पटते.

ता. क. शेवटचा. फीचे पैसे कुठून आले म्हणून विचारशील. सरदार विकला. बोरगावकडे नाक्याच्या त्या मुन्शीची शेती आहे, त्याला बैल पाहिजे होता, तो दारात आला. मी इमानाने म्हटलं, “साहेब, तोंड उघडून दात पाहून घ्या.” तो म्हणाला, “माताजी, रसीद है ना?” मी दिली. त्याने उन्हात धरली, शिक्का पाहिला, चारदाती वाचलं, पैसे दिले अन् बैल घेऊन गेला. बसतो का, हे त्याने विचारलं नाही, अन् रसीदीत तो रकानाच नाही.